एका तासाचा हिशेब

समाजमाध्यमांवर जो वेळ खर्च होतो त्यामुळें देशाची उत्पादकता बुडत चालली आहे, अशी ओरड सांप्रत चोहोंकडे ऐकूं येते. कचेरींतील साहेब ती करतात, शाळामास्तर करतात, आणि आगगाडीच्या डब्यांत समोरच्या बांकावर बसलेले सद्गृहस्थ तर स्वतःच्याच मोबाइलवरून एखादा लेख वाचून दाखवीत ती करतात. ही ओरड अगदींच खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तिच्यांत गृहीत धरलेला हिशेब आम्हांस बरोबर वाटत नाहीं. आणि तसें वाटूं लागण्यास आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट कारण झाली. ती येथें सांगणें आमच्या प्रतिष्ठेस फारसें पोषक नाहीं. तथापि तिच्यावांचून पुढील विवेचन केवळ कोरडें होईल.

दोन वर्षांपूर्वीं पदवीपरीक्षेच्या चाळीस उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा आमच्याकडे तपासावयास आला होता, आणि गुण भरून देण्याची मुदत दुसऱ्या दिवशीं सकाळची होती. मेजावर शेजारीं मोबाइल उपडा घालून ठेविला होता. (उपडा घातला होता, बंद केला नव्हता, हें लक्षांत घ्यावें.) थोड्या थोड्या वेळानें तो थरथरे. सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणाचा तरी वाढदिवस असे, आम्ही फुलांचें एक चित्र पाठवीत असूं, आणि तेथेंच कोणी धाडलेल्या फेसबुकावरील एखाद्या चित्रफितीवर सहज बोट पडे. एक संपते तों दुसरी आपोआप सुरू होई. मध्यें चपलांची आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येई. रात्रीं साडेअकरा वाजतां गठ्ठा पुरा झाला. पुढें एका विद्यार्थिनीनें पुनर्मूल्यांकनासाठीं अर्ज केला, आणि असें निष्पन्न झालें कीं तिच्या उत्तरपत्रिकेंतील दोन पानें आम्हीं उलटलीं होतीं, पण वाचलीं नव्हतीं. तिचे अकरा गुण वाढले. परंतु ते हातीं येईपर्यंत पुढील वर्गाच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती, आणि मुलीचें एक वर्ष वायां गेलें. ही हकीकत आम्हांस एका लिपिकाकडून कळली. ती मुलगी आम्हांस ओळखीत नाहीं.

आतां त्या रात्रीचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहींत कसा पडेल तें पहा. चाळीस उत्तरपत्रिका मुदतींत तपासून झाल्या, व दर पत्रिकेमागें ठरलेलें मानधन आम्हांस मिळालें. म्हणजे आमची उत्पादकता शंभर टक्के. चपला आणि तेल विकणाऱ्यांनीं जाहिरातीचे पैसे भरले. तें कंपनीचें उत्पन्न. मुलीनें पुनर्मूल्यांकनाची फी भरली, तीही कोणाच्या तरी खातीं जमा झाली; दुसऱ्या परीक्षकासही मानधन मिळालें. आमच्या गैरसावधपणामुळें, वहीपुरतें पाहिल्यास, राष्ट्राचें उत्पन्न किंचित् वाढलेंच! मुलीच्या गेलेल्या वर्षास मात्र त्या वहींत रकाना नाहीं. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धति घडविण्यांत ज्यांचा मोठा वाटा, त्या सायमन कुझनेट्स ह्यांनीं १९३४ सालींच अमेरिकेच्या सरकारास बजाविलें होतें कीं, ह्या आंकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचें अनुमान करूं नये. इशारा देणारा विसरला गेला आणि आंकडा तेवढा राहिला.

उत्पादकतेच्या नांवानें ओरड करणारांची दुसरी चूक अशी कीं, समाजमाध्यमांवर गेलेला प्रत्येक तास हा कामांतूनच चोरलेला तास होय असें ते समजतात. २०१८ सालीं कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत एक प्रयोग केला. फेसबुक वापरणाऱ्या कांहीं लोकांस पैसे देऊन चार आठवडे त्यापासून दूर ठेविलें. त्या लोकांचा दररोज सुमारें एक तास मोकळा झाला. त्या तासाचें त्यांनीं काय केलें? कोणी एकटेंच दूरदर्शन पाहिलें, कोणी मित्रांत आणि घरच्या माणसांत बसलें. राजकीय बातम्यांविषयींची त्यांची माहिती थोडी उणावली आणि चित्ताचें समाधान थोडें वाढलें. गिरणीचें चाक त्या तासानें अधिक फिरलें असें कांहीं दिसलें नाहीं.

आणि तें फिरावेंच असा आग्रह तरी कां असावा? रिकामा वेळ म्हणजे बुडालेला वेळ, ही समजूत आमच्या मुंबईच्या गिरणीमालकांची एके काळीं होती. गिरणीकामगारांस आठवड्यांतून एक दिवस विसावा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ पासून चळवळ केली, तेव्हां १८९० च्या जून महिन्यांत रविवारची सुटी पदरांत पडली. सहा वर्षें झगडून मिळविलेल्या त्या विसाव्याकडे उत्पादनाच्या तराजूंतून पाहणें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें. शिवाय जे साहेब कारकुनाच्या हातीं दुपारीं मोबाइल दिसला म्हणून कातावतात, तेच रात्रीं दहा वाजतां त्याच मोबाइलवर त्यास उद्यांचें काम धाडतात. तो वेळ कोणी उलट बाजूस मांडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

मग हानि कोणती? आमच्या मतें ती वेळाची नसून लक्षाची आहे, आणि लक्ष ही वस्तु वेळासारखी मोजतां येत नाहीं. जेथें माहितीची सुबत्ता होते तेथें लक्षाचा दुष्काळ पडतो, हें तत्त्व हर्बर्ट सायमन ह्यांनीं १९७१ सालीं, म्हणजे फेसबुकाच्या जन्माआधीं तेहतीस वर्षें, मांडलें होतें. आतां त्या दुष्काळावर व्यापार उभा राहिला आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ज्या एका कंपनीच्या मालकीचीं आहेत, तिचें २०२३ सालचें उत्पन्न १३४ अब्ज डॉलरांहून अधिक होतें, आणि त्यांपैकीं शेंकडा ९७ हून अधिक जाहिरातींचें होतें. आपण त्या दुकानांत गिऱ्हाईक म्हणून जातों अशी आपली समजूत असते; परंतु गल्ल्यांत पैसे टाकणारा दुसराच असतो, आणि फळीवर मांडलेला माल म्हणजे आपलें लक्ष. पडद्यास शेवटच येऊं न देणारी जी युक्ति आहे, ती आझा रॅस्किन ह्यांनीं २००६ मध्यें योजिली. त्याबद्दल त्यांनींच पुढें जाहीरपणें खेद व्यक्त केला. पुस्तकाचें प्रकरण संपतें, कीर्तनांत आरती होते. ह्या पडद्यास मात्र आरती नाहीं.

ह्याच पडद्यावर लासलगांवचा कांद्याचा भाव शेतकऱ्यास घरबसल्या कळतो, बचतगटांतील स्त्रियांचे पापड परगांवीं खपतात, आणि परदेशीं गेलेल्या नातवाचें तोंड आजीस रोज दिसतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. हा लाभही फुकट मिळत असल्यामुळें राष्ट्रीय उत्पन्नांत धड दिसत नाहीं. पण लाभ खरा आहे म्हणून ऋण फिटत नाहीं. ऋण हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. कामाचा तास हा मालकाचा, आणि त्यांतून जें घेतलें ती मालकाची चोरी, असें नीतिशास्त्र सोपें आहे. परंतु आमच्या गोष्टींत मालकाचें कांहींच गेलें नाहीं. मोबदला घेतलेलें काम मुदतींत त्याच्या हवालीं झालें होतें. गेलें तें जिच्याशीं आमचा पैशाचा कांहींएक संबंध नव्हता अशा एका मुलीचें. तिनें तीन तास बसून जें लिहिलें तें कोणी तरी एक वेळ मन लावून वाचील, एवढीच तिची अपेक्षा होती. दवाखान्यांत सुईवाल्या परिचारिकेकडून रोग्याची, तिकिटाच्या खिडकीशीं म्हाताऱ्याची आणि जेवतांना आईकडून मुलाची अपेक्षा ह्याहून निराळी नसते. ती पुरी न झाल्यास कोणत्याही कचेरींत तक्रार नोंदतां येत नाहीं. बहुधा ज्याचें नुकसान झालें त्यास तें कळतही नाहीं.

कोणी म्हणेल, दोष कंपनीचा आहे. अशा यंत्रापुढें मनुष्याच्या निग्रहाचें काय चालणार? ह्यांत तथ्य आहे, आणि सरकारांनीं ह्या व्यापारास कांहीं बंधनें घालावींत हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेवर तपासनीस म्हणून सही कंपनीची नव्हती. आमची होती.

ह्या वर्षीं पुन्हा गठ्ठा आला. मोबाइल आम्हीं घरच्या मंडळींच्या स्वाधीन केला, व तो स्वयंपाकघरांत डब्यांच्या फळीवर ठेवण्यांत आला. पहिल्या तासांत आम्ही दोन वेळां पाणी पिण्याच्या निमित्तानें तेथें जाऊन आलों. गठ्ठा पुरा होण्यास मागील खेपेपेक्षां दीड तास अधिक लागला. मानधन दर पत्रिकेमागें असल्यामुळें तें तेवढेंच मिळालें.