हातातले काम

(शास्त्रवाचन : मार्क १:२९-३१)



बुऱ्हाणपूरहून खांडव्याकडे जाताना सातपुड्यावर असीरगड दिसतो. त्याचे तीन भाग आहेत : खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर असीरगड. मुलांना घेऊन हा गड चढताना आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. जो धावत सुटतो तो मध्येच बसकण मारतो. दम लागण्याआधी जो थोडा विसावतो, तो वर पोहोचतो.

आमच्या शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकाबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, औषधे सुरू झाली. आम्ही प्रार्थना केल्या, जेवणाचे डबे पोहोचवले, आणि प्रेमापोटीच त्यांचा वर्ग दुसऱ्याकडे सोपवला. "बाई, आता तुम्ही काही करू नका," असे आम्ही म्हणालो. एके दिवशी त्या म्हणाल्या, "दुखण्याने माझी शक्ती नेली, पण माझे काम तुम्ही नेलेत." आम्ही खजील झालो.

पेत्राची सासू तापाने पडली होती. प्रभूने तिचा हात धरून तिला उठवले. ताप गेला आणि ती पाहुण्यांची सेवा करू लागली. प्रभूने तिला अडवले नाही. तिच्या सेवेसाठी मार्काने मूळ ग्रीक भाषेत जो शब्द योजला, तोच त्याने अरण्यात प्रभूची सेवा करणाऱ्या देवदूतांसाठी योजला आहे. केवढा हा मान!

वैद्यकातही अशा सेवेची एक शाखा आहे : व्यवसायोपचार. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, तर अंघोळ, स्वयंपाक, लिहिणे, शिकवणे अशी रोजची कामे. जन्माने अमेरिकन व क्वेकर घराण्यातल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हे शिक्षण सुरू केले. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही आज हा विभाग आहे.

व्यवसायोपचारतज्ज्ञ रुग्णाला आधी विचारतात, "तुम्हाला कोणते काम पुन्हा करावेसे वाटते?" मग त्या कामाची वाट सोपी करतात. कर्करोगाचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही. म्हणून महत्त्वाचे काम अंगात बळ असताना करावे, ते थोडे थोडे करावे, भाजी बसून चिरावी, थकण्याआधी थांबावे. औषधांनी बोटे बधिर झाली तर चमच्याला जाड मूठ लावावी, गरम भांडे जपून धरावे. शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडू नये, हात सुजू नये म्हणून सांगितलेले व्यायाम करावेत. ही गड चढण्याचीच रीत नव्हे काय?

आम्ही बाईंना वर्ग परत दिला : खुर्चीत बसून, वीस मिनिटे, मदतीला एक तरुणी. त्या दिवशी मुलांपेक्षा बाईंचाच चेहरा अधिक उजळला होता.

मात्र माणसाची किंमत कामावर ठरत नाही. वधस्तंभावर खिळलेले हातही पित्याला प्रिय होते. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्याकडे मंडळीतल्या नावांची यादी द्यावी आणि प्रार्थनेची विनंती करावी. तेही कामच आहे.

तेव्हा या आठवड्यात आजाऱ्याच्या भेटीला जाताना फळांबरोबर एक प्रश्नही न्या : "तुमचे कोणते काम तुम्हाला परत हवे आहे?" आणि उत्तर ऐकायला बसा.

प्रभू आपल्याला हात धरून उठवणारे हात देवो. आमेन.