चित्र फुटतं तेव्हा

बाहेर पाऊस आहे. सह्याद्री वाहिनीवर बातम्या लागल्या आहेत आणि निवेदिकेचा चेहरा मध्येच फुटतो.

रिमोट खाली ठेवा. टीव्हीच्या पाठीवर थाप मारायला उठू नका.

बसा. एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता बघा.

गाल जागेवर आहे, हनुवटी सरकली आहे. साडीच्या काठाचे चौकोन झालेत. एक हिरवा तुकडा कपाळाजवळ अडकलाय. त्याच्याकडेच बघत राहा.

तो आपोआप जातो.

दर क्षणी सगळा चेहरा येतच नाही. येतात ते बहुतेक नुसते बदल: ओठ हलले, मान वळली. अधूनमधून एक पूर्ण चित्र येतं. वाटेत एखादा बदल हरवला, की ते पूर्ण चित्र येईपर्यंत चूक तिथेच बसून राहते.

पुन्हा फुटेल. फुटू द्या. भरून येताना बघा.

आता मनानेच मागे चला. पडदा, एचडीएमआयची वायर, सेट-टॉप बॉक्स. खिडकीच्या फटीतून बाहेर गेलेली केबल. गच्ची.

गच्चीवर डिश भिजते आहे. डीडी फ्री डिश असेल तर तिचं तोंड आग्नेयेला, जीसॅट-१५ उपग्रहाकडे. ९३.५ अंश पूर्व, विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंच.

या अंतरापाशी थोडं थांबा.

जवळजवळ सगळी वाट मोकळी आहे. पाऊस आहे तो शेवटच्या पाच-सहा किलोमीटरांत. सिग्नलची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास, थेंब काही मिलिमीटरचा. तो तिच्यातलं थोडं शोषतो, थोडं विखरून टाकतो. पुढचा थेंबही तेच करतो. एवढं होऊनही चेहरा घरात पोचतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पाऊस ऐका. जोर वाढला? चित्राकडे बघा. ओसरला? पुन्हा बघा.

पाऊस आणि चित्र बरोबरीने चालत असतील तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. बसून राहा.

तसं नसेल तर उठा, पण हळू. टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. ती अक्षरं टीव्हीच काढतो. स्वच्छ आहेत? बहुधा पडदा बरा आहे. मग बॉक्सचा मेनू. तोच फुटत असेल तर एचडीएमआयची वायर काढून नीट बसवा. तोही स्वच्छ असेल तर दोष डिशच्या बाजूला शोधा.

बॉक्समध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात. नजर क्वालिटीच्या पट्टीवर ठेवा.

गच्चीवर आत्ता जाऊ नका. ऊन पडू द्या.

मग जा, बॉक्स बंद करून. डिशसमोरच्या एलएनबीचा, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, कनेक्टर सोडवा. आतली तार बघा. चकचकीत आहे, की हिरवट झाली आहे? पाणी शिरलंय? तसं असेल तर टोक कापा, नवा कनेक्टर घट्ट बसवा.

डिशवर हात ठेवा. हलते? एका अंशाचा फरक तिकडे वर सहाशे किलोमीटरांहून जास्त होतो.

हलत असेल तर बॉक्स सुरू करून कुणाला तरी त्याच्यासमोर बसवा. ते खालून क्वालिटीचा आकडा ओरडून सांगतील. ऐका. डिश केसभर फिरवा. थांबा, बॉक्सला नवा आकडा दाखवायला थोडा वेळ लागतो.