गंजलेला स्क्रू आणि निरोगी लाकूड

दवनीवाडा हे गोंदिया जिल्ह्यातील गाव समुद्रापासून पुष्कळ दूर. जिल्ह्याच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. तिच्यावरच्या डोंग्यांना डेक नसतो. परंतु सागवान तेथल्या सुताराच्या हाताखालचे. ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे तो अर्नाळा, उत्तन येथील होडीवाल्याला जसा पडतो तसाच जुनी चौकट उकलणाऱ्या दवनीवाड्याच्या सुतारालाही पडावा.

लाकडी डेकच्या फळ्यांत बसविलेला लोखंडी स्क्रू खाऱ्या पाण्याने गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो; म्हणून स्क्रू लाकडात आवळून बसतो. तो तसाच राहू द्यावा म्हटले, तर सभोवतालचे लाकूड काळवंडते, मऊ पडते, अखेर फळीची पकडच सुटते. उपटावा म्हटले, तर फळी फाटते. अर्थात नुसते थांबणे हा धीर नव्हे, आणि नुसती ओढाताण हे धैर्य नव्हे.

जाणता कारागीर काय करतो? स्क्रूच्या डोक्यावरचे लाकडी बूच तो हलके कोरून काढतो. खाचेतला रंग व मळ टोकदार हत्याराने साफ करतो, कारण खाच भरलेली असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घसरतो आणि खाचच झिजते. मग खाचेच्या पूर्ण रुंदीचे पाते निवडतो. तापवलेली सळई तो डोक्यावर टेकवून धरतो. लोखंड प्रसरण पावते, निवताना आक्रसते आणि गंजाची मिठी ढिली होते. आणि येथे एक नवल आहे: सोडविण्यापूर्वी तो स्क्रू किंचित आवळतो. उलट दिशेने जोर लावण्याआधी, ज्या दिशेने तो आत गेला त्याच दिशेने अंशभर. मगच सोडवतो, अडला की पुन्हा आवळतो. घाई असलेल्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो.

आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत गंजलेले स्क्रू थोडे नाहीत. दारूच्या आहारी गेलेला मुलगा, मंडळाच्या हिशेबात गोंधळ करणारा सभासद, वर्षानुवर्षे न बोलणारे दोन भाऊ. वाईट काढून टाकण्याचा आपला अधिकार खरा. पण त्या अधिकारात भोवतालचे चांगले फाडण्याची परवानगी अंतर्भूत आहे काय? संत मत्तयच्या तेराव्या अध्यायातील शेतधनी निदण उपटू देत नाही, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. संत थॉमस अक्वायनस यांनी याचा अर्थ मर्यादित केला: गव्हाला धोका नसेल तेव्हा दुष्टाला दूर करणे निषिद्ध नाही. तर्क म्हणून हे बरोबर आहे. मात्र गव्हाला धोका नाही हे ठरवणार कोण? सहसा ज्याच्या हातात पक्कड असते तोच ठरवतो, आणि फळीला कोणी विचारत नाही. दारुड्याला घराबाहेर काढणाऱ्या बापाला त्याच्या सुनेचे आणि नातवंडांचे मुळे कोठवर गुंतली आहेत हे ठाऊक असतेच असे नाही.

अठराव्या अध्यायात प्रभू येशू क्रम सांगतो: प्रथम एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग ख्रिस्तसभेपुढे. आपण बहुधा हा क्रम उलटा वापरतो. आधी गावभर, मग घरी. एकांतातले बोलणे म्हणजे खाच साफ करणे. त्यात त्या माणसाचे म्हणणे ऐकावे लागते, त्याच्या बाजूने एक पाऊल टाकावे लागते. सुताराच्या त्या अंशभर आवळण्यासारखे.

तरीही काही स्क्रूंची डोकी तुटतात. तेव्हा पोकळ नळीच्या दातेरी पात्याने सुतार भोवतालच्या थोड्याशा लाकडासह तो कापून काढतो. हानी होतेच, पण ती मोजलेली असते. संत पौलाने करिंथच्या मंडळीला एका माणसाला आपल्यातून दूर करावयास सांगितले. आणि त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या एकाला क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असेही लिहिले. दोघे एकच की वेगळे, यावर पंडितांत मतभेद आहेत. प्रस्तुत विचारास त्याने बाधा येत नाही. कापल्यानंतर भोक उघडे ठेवता येत नाही, पाणी आत शिरते. सुतार त्याच जातीच्या लाकडाची गुल्ली घडवतो, तिच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवतो आणि सरस लावून बसवतो. बसविलेली जागा पुढे कित्येक वर्षे ओळखू येते.