समुद्राचे विश्वस्त कोण?

कच्छच्या आखाताला ओहोटी लागली म्हणजे पाणी दूरवर मागे सरते आणि एरवी झाकलेली भूमी उघडी पडते. पिरोटन बेटाभोवतीच्या उथळ डबक्यांतून प्रवाळ व समुद्रफुले दिसू लागतात. काठचा चिखल तिवरांनी मुळांत धरून ठेवलेला असतो. ह्या टापूला १९८० साली अभयारण्याचा व १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. भारतातील ते पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान होय. गुजरातेत घर केलेल्या आम्हां मराठी माणसांना त्याचे कौतुक वाटते. परंतु हे संरक्षण कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न कौतुकाने मिटत नाही.

ह्याच किनाऱ्यावर खाराई उंट आहेत. ते पाणी पोहून बेटांवर जातात आणि तिवरांचा पाला खातात. त्यांच्यावर जत व रबारी कुटुंबांचा निर्वाह चालतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा राष्ट्रीय उद्यानात चराईस मज्जाव करतो. उलट २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या सागरी टापूतून तेलवाहिनी नेण्यास वाट मोकळी केली. विकास आणि पर्यावरण यांचा समतोल राखावा, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. मात्र समतोलाचा हा तराजू तेलासाठी काढला जातो आणि उंटासाठी काढलाच जात नाही, हे आम्हांस खटकते.

कोणी म्हणेल, गरिबाच्या हातूनही निसर्गाची हानी होते. हे खरेच आहे. दारिद्र्य म्हणजे निरपराधित्व नव्हे. म्हणूनच निकष हानीचा असावा, हानी करणाऱ्याच्या सामर्थ्याचा नसावा. आणि ज्याचा लाभ मोठा, त्याने त्यागाचा पहिला वाटा उचलावा.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क ह्या महाकाय माशाची पूर्वी शिकार होत असे. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे २००४ साली सुरू झालेल्या मोहिमेत मोरारीबापूंनी मच्छीमारांना सांगितले की, हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. वेरावळचे खारवे जाळे कापून त्याला सोडू लागले आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई शासनाकडून मिळू लागली. मायेला व्यवहाराची जोड मिळाली, तेव्हा कायदा लोकांचा झाला. नुसत्या बंदीने मासा वाचता, तरी माणूस दुरावला असता.

आता आमच्याकडे पाहू. आखातात उतरणारे तेल शुद्ध होऊन आमच्याच वाहनांत जळते. बेटावर जाऊ न शकणारा रबारी आमच्यासाठी काही सोडून देत आहे, आणि त्याचे नावही आम्हांस ठाऊक नाही. विश्वस्ताचे पहिले कर्तव्य हिशेब देणे. समुद्र राखण्याचा भार आजवर कोणी वाहिला, एवढे तरी प्रामाणिकपणे मांडून पाहावे. मग निसर्गरक्षणाची भाषा बोलण्याचा अधिकार आम्हांस कितपत उरतो, ते आपोआप कळेल.