शहात्तर नकारांनंतर

उभा राहा. वही उघड आणि शेवटची ओळ मोठ्याने वाच.

'431401 ही मूळ संख्या आहे.' आपल्या परभणीचा पिनकोड हा. कळायला लागल्यापासून पत्त्याखाली लिहितोस, आणि त्याच्याबद्दल वहीत खोटं लिहून ठेवलंस.

भागाकार तू केलेस, ते मी पाहिलं. 2 पासून 97 पर्यंत पंचवीस मूळ संख्या, एकही बाकी चुकलेली नाही. मग कंटाळलास. कंटाळलास तिथं 'तपासणी अपुरी' असं लिहिलं असतंस, तर मी पाठीवर हात ठेवला असता. तू कंटाळ्यालाच सिद्धता म्हणालास. याचा मला संताप आहे.

थांबायचं कुठं, हे तुझ्या मनगटाने ठरवायचं नसतं, वर्गमुळाने ठरवायचं असतं. 656 चा वर्ग 430336, 657 चा वर्ग 431649. आपली संख्या या दोहोंच्या मधे. तिचे दोन अवयव असलेच, तर दोन्ही 657 किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत. गुणाकारच पुढे निघून जाईल. म्हणजे लहान अवयव 656 च्या आत सापडलाच पाहिजे. तिथवर मूळ संख्या आहेत 119. तू 25 तपासल्यास आणि निकाल देऊन मोकळा झालास!

फळ्यापाशी ये. 389 ने भाग दे. 431 मधून एकदा गेले, उरले 42. वरचा 4 उतरव, 424. पुन्हा एकदा, उरले 35. शून्य उतरव, 350. भाग जात नाही, म्हणून वर शून्य लिही. हा शून्य तुम्ही सगळे खाता, म्हणून सांगतो. आता 1 उतरव, 3501. नऊ वेळा. बाकी?

शून्य. 389 गुणिले 1109. तुझी 'मूळ' संख्या फुटली. 389 ही सत्त्याहत्तरावी मूळ संख्या. आधीच्या शहात्तर जणींनी नाही म्हटलं, तरी सत्त्याहत्तरावीला विचारावंच लागतं.

आणि नुसती भागाकाराचीच वाट होती असंही नाही. 645 चा वर्ग अधिक 124 चा वर्ग: 431401. 624 चा वर्ग अधिक 205 चा वर्ग: पुन्हा 431401. करून बघ, माझ्यावर विसंबू नकोस. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आली, तर एकाच प्रकारे मांडता येते. इथं दोन प्रकार निघाले, तिथंच ती संयुक्त ठरली. ऑयलरने अठराव्या शतकात संख्या अशाही पारखल्या. इतकी देखणी संख्या रोज तुझ्या हाताखालून जाते आणि तू तिला अर्ध्यावर सोडतोस, हे मला बघवत नाही.

'आपल्याकडं कुठं गणित' हे परवा तूच म्हणालास ना? आपल्याच जिल्ह्यातली पाथरी म्हणजे जुनं पार्थपूर. तिथल्या ज्ञानराजाने 1503 मध्ये 'सिद्धांतसुंदर' रचला. त्याचा मुलगा सूर्यदास. त्याने भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर आणि 'लीलावती'वर टीका लिहिल्या. त्या मातीतला तू, आणि 97 वर दमतोस?

ती ओळ खोडू नकोस. तशीच राहू दे, खाली तारीख घाल. उद्या 1109 तपासून आण. ती मूळ की संयुक्त, मी सांगणार नाही. पानाच्या माथ्यावर आधी थांबायची संख्या लिही, ती का तेही लिही, मग पहिला भागाकार मांड.

बस आता.