परक्या देशाची पुनर्भेट

मनुष्य परदेशी जातो तो बहुधा गरजेपोटी; शिक्षणासाठी, नोकरीसाठी अथवा पोटासाठी. काही वर्षे तेथे काढून तो मायदेशी परततो. पुढे त्याच देशाला पुन्हा भेट देण्याचा योग आला, तर ती भेट कोणत्या मनाने द्यावी? तेथील लोकांचे आपण काही देणे लागतो काय?

मंचेरियलसारख्या गावी हा प्रश्न दूरचा नाही. गोदावरीकाठचे हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. आसपासच्या कोळशाच्या खाणींनी निरनिराळ्या भाषांच्या माणसांना येथे आणले. याच मुलखातून कित्येक जण आखाती देशांत मजुरीला गेले, कोणाची मुले अमेरिकेत शिकावयास गेली. तेव्हा परके होऊन राहणे म्हणजे काय, हे येथील पुष्कळ घरांना ठाऊक आहे.

पुनर्भेटीला जाणारा बहुधा दोन गोष्टी शोधतो. एक, आपली जुनी जागा. राहती खोली, ओळखीचे दुकान, शेजारी. आणि ती बदललेली दिसली की तो खिन्न होतो. दुसरी, आपली झालेली प्रगती इतरांनी पाहावी ही हौस. दोन्ही स्वाभाविक आहेत. पण दोहोंतही मनुष्य स्वतःलाच भेटावयास जातो.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. १८८६ च्या आरंभी त्या इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. पुढे सुमारे तीन वर्षे त्या तेथे राहिल्या. हिंदी विधवांच्या शिक्षणासाठी १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. त्या आधारावर मार्च १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले. दहा वर्षांची मुदत संपल्यावर, १८९८ साली, रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि मदत देणाऱ्यांपुढे आपल्या कामाचा वृत्तांत ठेवला. मधल्या काळात शारदा सदन पुण्यास आले होते, दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुलींना आसरा मिळाला होता, केडगावचे काम सुरू झाले होते. तुम्ही दिलेल्याचे आम्ही काय केले, हे सांगणे हाच त्या भेटीचा गाभा होता.

तोवर सर्वच उपकारकर्ते हयात राहिले नव्हते. रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या डॉ. रेचल बॉडली १८८८ सालीच वारल्या होत्या. आनंदीबाई तर १८८७ मध्येच गेल्या. उशीर झाला की आभार ऐकणारे माणूस राहत नाही, ही पुनर्भेटीतील एक कठोर गोष्ट आहे.

ऋण मानणे म्हणजे मिंधे होणे नव्हे, हेही रमाबाईंकडून शिकावे. १८८९ साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिताना त्यांनी तेथील स्त्रियांच्या संस्थांची मनापासून प्रशंसा केली. परंतु काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळालेल्या वागणुकीवर पांघरूण घातले नाही.

आता कोणी विचारील, ज्याचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवला, ज्याची मजुरी बुडाली, त्यानेही त्या देशाचे उपकार मानावेत काय? नाही. अन्यायाला उपकार म्हणणे हा खोटेपणा होईल, आणि देवाला खोटी कृतज्ञता नको आहे. पण देश म्हणजे एकटा मालक नव्हे. आजारपणात पेज करून देणारा खोलीतील सोबती, पत्र वाचून दाखविणारा शेजारी, वेळेवर उसने देणारा दुकानदार, यांचे देणे त्या मालकाच्या पापामुळे फिटत नाही. अन्याय करणाऱ्याचा जाब विचारावा आणि उपकार करणाऱ्याला विसरू नये. ही दोन्ही कर्तव्ये एकाच माणसाची असू शकतात.

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येतो. तोही परका, शोमरोनी. परतलेल्याने काही भेट आणली असे तेथे लिहिलेले नाही. तो फक्त परत आला आणि त्याने आभार मानले. न आलेल्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले असेही तेथे नाही. मात्र ते कोठे आहेत, असे प्रभूने विचारले.

ज्यांना पुन्हा जाणे शक्य नाही, किंवा ज्यांचे उपकारकर्ते आता हयात नाहीत, त्यांनी काय करावे? मंचेरियलच्या खाणीवर वा बांधकामावर परप्रांतातून आलेले एखादे कुटुंब जवळच राहत असेल. त्यांना आपली भाषा येत नसेल, दवाखाना कोठे आहे हे ठाऊक नसेल. परमुलखात आपल्याला जे मिळाले ते त्यांना देता येईल. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा शास्त्रभाग शिकविताना मुलांना घरी एक प्रश्न विचारावयास सांगावा: आपल्या घरातील कोणी परक्या मुलखात राहिले असेल, तर तेथे त्यांना प्रथम कोणी मदत केली? पुष्कळ घरांत ते नाव प्रथमच उच्चारले जाईल.