तळांतील भार

शास्त्रपाठ : मार्क ४:३५–४१



आमचे बहुतेक वाचक देशावरचे. त्यांतील कित्येकांनीं समुद्र पाहिलेला नाहीं, आणि होडीचा विषय काढला म्हणजे तें कोळ्यांचें काम, आम्हांस त्याचें काय, असें त्यांस वाटण्याचा संभव आहे. परंतु कुळव धरणाऱ्या मनुष्यास आमचें म्हणणें तेव्हांच समजेल. कुळव हलका असला म्हणजे तो ढेंकळांवरून उड्या मारीत जातो, जमिनींत बसत नाहीं. मग शेतकरी त्यावर एक धोंडा ठेवितो, किंवा धाकट्या पोरास बसवितो. त्या धोंड्याला कांहीं कणसें येत नाहींत, पण त्यावांचून कुळवणी होत नाहीं. होडीच्या तळाशीं जो भार घालितात त्याची गोष्ट अशीच आहे. त्यास नीरम म्हणतात.

शिडाच्या लहान होडीस वारा वर लागतो आणि पाण्याचा आधार खालीं असतो, म्हणून वारा भरला कीं ती एका अंगास कलते. रिकामी होडी पाण्यावर उंच तरंगते. दिसावयास ती मोठी डौलदार, वळतेही चटकन. पण आडवा झोत आला कीं पालथी होते. म्हणून शहाणा नावाडी माल उतरून झाल्यावर तळांत दगड किंवा वाळूचीं पोतीं घालितो. होडी कलली म्हणजे तो खालचा भार तिला पुनः सरळ ओढतो. तोच भार वर, फळ्यांवर, रचिला तर ती अधिकच लौकर उलटते. भार किती आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. तो कोठें आहे हें पाहावें लागतें. आणि प्रमाणाबाहेर झाला तर होडीचा कांठ पाण्याजवळ येतो व लाटा आंत शिरतात.

आतां आपल्या पाठाकडे वळूं. गालील समुद्र म्हणजे खरोखर एक मोठें सरोवर. तें समुद्रसपाटीच्या सुमारें २१० मीटर खालीं असून भोंवतीं डोंगर आहेत, त्यामुळें वारा एकाएकीं खालीं कोसळतो. इ. स. १९८६ मध्यें, पाऊस न झाल्यामुळें त्याचें पाणी ओसरलें असतां, गिनोसर येथील दोन कोळी भावांस चिखलांत रुतलेली एक जुनी होडी सांपडली. ती सुमारें ८.२ मीटर लांब व २.३ मीटर रुंद, प्रभूच्या काळाच्या आसपासची, आणि निरनिराळ्या लांकडांचीं ठिगळें लावून लावून चालविलेली आहे. गरिबांचीच होडी ती. हींतच प्रभु बसला असें म्हणण्यास कांहीं पुरावा नाहीं, आणि कोणी तसें सांगितल्यास वाचकांनीं मान डोलवूं नये. पण पेत्राची होडी कशा प्रकारची असेल हें तिजवरून कळतें.

मार्कानें एक बारीक गोष्ट लिहून ठेविली आहे. वादळ चाललें असतां प्रभु होडीच्या मागील भागीं उशीवर डोकें ठेवून निजला होता. मच्छीमारांच्या होडींत उशी कोठून आली? त्या होडीचा अभ्यास करणारे विद्वान शेली वाक्समन ह्यांनीं असें सुचविलें आहे कीं, ती वाळू भरलेली पिशवी असावी. त्या किनाऱ्यावरील मच्छीमार अलीकडच्या काळापर्यंत होडीचा तोल राखण्यास अशा पिशव्या बाळगीत, आणि त्यांचें काम नसतां मागल्या फळ्यांखालीं ठेवून देत. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. त्यावर आम्ही कोणताही मतविषय उभारीत नाहीं. तरी तो वाचल्यापासून ती पिशवी आमच्या मनांतून जात नाहीं. शिष्य वल्हीं मारीत होते, पाणी उपसत होते, ओरडत होते. आणि ज्या वस्तूकडे कोणाचें लक्ष नव्हतें तिजवर प्रभूनें आपलें डोकें टेंकिलें होतें.

आमच्या माहितीच्या एका खेड्यांतील मंडळीची हकीकत येथें सांगणें जरूर आहे. तेथें नवें मंदिर झालें. हंगामाच्या सणास शेजारच्या गांवचे लोक आले, भजनाचा मेळा निघाला, दोन पाहुणे उपदेशक बोलले. त्या मंडळीचें नांव जिकडे तिकडे झालें. पुढें सणाच्या जमाखर्चावरून दोन वडिलांमध्यें शब्द झाला, आणि वर्षाच्या आंत मंडळी दोन घरांत दोन ठिकाणीं बसूं लागली. रक्कम फार मोठी नव्हती. आम्ही तेथें गेलों तेव्हां दोन्ही पक्षांनीं आम्हांस हिशेबाच्या वह्या दाखविल्या. त्या बाजूस ठेवून आम्ही विचारिलें, "रात्रीं शास्त्र वाचण्यास जमत होतां, तें केव्हां बंद झालें?" कोणास सांगतां येईना. शेवटीं एक आजीबाई म्हणाल्या, "मंदिर बांधायला काढलं तेव्हां. दिवसभर दमून जायचे, मग रात्रीं कोण बसतंय, बाबा?"

स्वीडन देशांत इ. स. १६२८ च्या आगस्ट महिन्याच्या १० व्या तारखेस 'वासा' नांवाचें राजाचें लढाऊ गलबत पहिल्याच सफरीस निघालें. त्यावर ६४ तोफा होत्या, आणि कोरीव मूर्तींनीं तें शृंगारिलें होतें. तळांत सुमारें १२० टन दगड होते, परंतु वरच्या बोजाच्या मानानें ते अपुरे. आणि आणखी घालावे तर तोफांचीं भोकें पाण्याजवळ आलीं असतीं. निघण्यापूर्वीं ३० माणसें एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळवून पाहिलें. गलबत इतकें डोलूं लागलें कीं तीन खेपांनंतर ती परीक्षा थांबविली. परीक्षा थांबविली, गलबत थांबविलें नाहीं. तें मैलभरही गेलें नाहीं तोंच एका झोताबरोबर कललें, तोफांच्या भोकांतून पाणी शिरलें, व लोकांच्या डोळ्यांदेखत तें बंदरांतच बुडालें.

उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट आम्ही मुख्यतः आपल्यासाठीं लिहिली आहे. आपलें शीड उंच असतें. आपणांस बोलावें लागतें, पुढें बसावें लागतें, लोक आपणांस मान देतात. घरांत कोणी पाहत नसतां आपण किती वेळ गुडघ्यांवर असतों हें आपल्या पत्नीखेरीज कोणास ठाऊक नसतें, आणि ती बिचारी सांगत नाहीं.

एक शंका येईल. आमच्या जिवावर ओझीं काय थोडीं आहेत, कीं आणखी भार घ्यावा? सावकाराचें कर्ज, भावकीचा दावा, आजारपण. बंधूंनो, प्रत्येक ओझें नीरम नव्हे. होडींत शिरलेलें पाणीही जडच असतें; पण होडी ज्या अंगास कलते त्याच अंगास तें धांवतें, आणि तिला बुडविण्यास हातभार लावितें. काळजी व वैर हीं तशीं आहेत. तें पाणी उपसून टाकावें. त्यास देवाची इच्छा म्हणून बसूं नये. वाळूची पिशवी जेथें ठेविली तेथें राहते. पौलाच्या देहांतील कांटा तीनदां विनंती करूनही निघाला नाहीं, तेव्हां प्रभूनें दिलेलें उत्तर त्यानें मान्य केलें, आणि मगच तो त्याच्या तळाशीं बसला.

त्या खेड्यांतील दोन्ही घरें अद्याप एक झालेलीं नाहींत. मात्र गेल्या पावसाळ्यापासून आजीबाईंच्या ओसरीवर रात्रीं दिवा लागतो. प्रथम चौघें बसत, त्यांत एका पक्षाचीं तिघें व दुसऱ्याचा एक. शाळेंत जाणारी नात वाचते. मार्कापासून आरंभ केला आहे, आणि अडलेला शब्द सुटेपर्यंत पुढें जावयाचें नाहीं असें ठरलें आहे, म्हणून वाचन सावकाश चालतें.